मानेला मार लागल्यावर सांगितलेल्या स्कॅनचे पैसे मेडिक्लेममधून कसे मिळवायचे

भारतातल्या नेहमीच्या मेडिक्लेम पॉलिसीत मानेच्या एमआरआयचे पैसे मिळतात का, हे त्या एमआरआयवर ठरत नाही. तोच स्कॅन, तेच सेंटर, तेवढंच बिल. एकाला सगळे पैसे मिळतात आणि दुसऱ्याच्या हातात नकाराचं पत्र पडतं. फरक दोन गोष्टींनी पडतो. स्कॅन कोणत्या उपचाराचा भाग म्हणून झाला, ही पहिली. तो का लागला हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलं होतं का, ही दुसरी. पहिल्या गोष्टीवर आपला फारसा ताबा नसतो. दुसरीवर असतो, आणि हयगय नेमकी तिथेच होते, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा तिला दिली आहे.

त्याआधी एक महत्त्वाचं. मार लागल्यावर हातापायातली ताकद कमी वाटत असेल, बधिरपणा असेल, चालताना तोल जात असेल, लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला असेल, किंवा मानेच्या मधोमध हाडावर हात लावला तरी कळ येत असेल, तर पॉलिसीचे कागद शोधत बसू नका. मान न हलवता रुग्णवाहिकेतून हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टर सांगतील तो स्कॅन होऊ द्या. अचानक भरती व्हावं लागलं तर कंपनीला कळवायला बहुतेक पॉलिसींत २४ तासांची मुदत असते. घरातलं कुणीतरी फोन करू शकतं.

नकार कुठून येतो

विमा नियामक आयआरडीएआयने आरोग्य विम्यातले नेहमीचे अपवाद एकसारख्या शब्दांत ठरवून दिले आहेत आणि प्रत्येकाला कोड क्रमांक दिला आहे. स्कॅनच्या बाबतीत आडवं येतं ते कोड ०४ चं कलम, ‘इन्व्हेस्टिगेशन अँड इव्हॅल्युएशन’. त्यात दोन गोष्टी आहेत. मुख्यतः तपासण्यांसाठीच भरती झाली असेल तर तो खर्च मिळणार नाही. आणि ज्या तपासणीचा चालू निदानाशी आणि उपचाराशी संबंध नाही, तिचाही मिळणार नाही.

आपली पॉलिसी काढून हे कलम एकदा स्वतः वाचा. यात ‘स्कॅनचे पैसे मिळत नाहीत’ असं कुठेही म्हटलेलं नाही. उपचाराशी जोडलेला स्कॅन मिळतो, सुटा स्कॅन मिळत नाही, एवढंच ते सांगतं. कंपनीशी वाद घालायची वेळ आली तर याच वाक्यावर घालायचा असतो.

याच कलमामुळे एक घातक सल्ला सर्रास दिला जातो: “एक दिवस अ‍ॅडमिट व्हा, एमआरआय मेडिक्लेममध्ये बसवून घेऊ.” हे करू नका. फक्त स्कॅनसाठी झालेली भरती कंपनीचे डॉक्टर नर्सिंग चार्टवरून लगेच ओळखतात. सलाईन नाही, इंजेक्शन नाही, ट्रॅक्शन नाही, दर चार तासांनी घेतलेल्या नोंदी नाहीत, मग भरती कशासाठी? क्लेम तर जातोच, वर खोटी माहिती दिल्याचा ठपका आला तर पॉलिसीच धोक्यात येते. मानेची दुखापत पुढे वाढून खरंच शस्त्रक्रिया लागली, तर त्या वेळी हातात विमा नसेल.

आपला स्कॅन कोणत्या वाटेने बसतो ते आधी ठरवा

सरळ वाट म्हणजे दुखापतीच्या उपचारासाठी खरीखुरी भरती होणं आणि त्या काळात स्कॅन होणं. भरती म्हणजे सहसा सलग किमान २४ तास. कॅज्युअल्टीत सहा तास देखरेखीखाली ठेवून घरी सोडलं, तर विम्याच्या भाषेत तो ओपीडी उपचार झाला. काही नव्या पॉलिसींत ही तासांची अट कमी केलेली असते, म्हणून आपल्या पॉलिसीतली ‘हॉस्पिटलायझेशन’ची व्याख्या बघा.

दुसरी वाट भरतीच्या आधीच्या खर्चाची. आरोग्य संजीवनी या प्रमाण पॉलिसीत भरतीआधीचे ३० दिवस आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरले जातात, बाकी पॉलिसींत याहून जास्तही असतात. बाहेरच्या सेंटरवर एमआरआय झाला, त्यात मज्जारज्जूवर दाब दिसला आणि आठवड्याने शस्त्रक्रियेसाठी भरती झाली, तर तो एमआरआय यात बसतो. मात्र स्कॅन आणि भरती एकाच दुखापतीसाठी हवी आणि भरतीचा मूळ क्लेम मंजूर झालेला हवा. म्हणून भरतीची शक्यता दिसत नसली तरी पहिल्या दिवसापासूनची बिलं आणि चिठ्ठ्या जपून ठेवा. डिस्चार्जनंतर डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन सांगितला तर डिस्चार्ज समरीतल्या ‘फॉलो-अप’मध्ये तो लिहून घ्या. एवढी एक ओळ पुढचा बराच पत्रव्यवहार वाचवते.

तिसरी वाट ओपीडी कव्हरची. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत किंवा जादा हप्ता भरून घेतलेल्या रायडरमध्ये ते असू शकतं. नोकरी करणाऱ्यांनी एचआरला एवढंच विचारावं: ओपीडीत निदान चाचण्या येतात का, मर्यादा किती, आणि ठरावीक सेंटरवरच जावं लागतं का? ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) सदस्य असाल तर ईएसआय दवाखान्याकडून रेफरल घेऊनच स्कॅन करा, कारण आधी बाहेर करून मग बिल लावणं तिथे फार अवघड जातं. महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत घेत असाल तर भरतीच्या पॅकेजमध्ये तपासण्या धरलेल्या असतात, आयुष्मानमध्ये भरतीआधीच्या ३ दिवसांपर्यंतच्या आणि डिस्चार्जनंतरच्या १५ दिवसांपर्यंतच्याही. त्या योजनेच्या हॉस्पिटलमध्ये असलेल्या आरोग्यमित्राला भेटल्याशिवाय पैसे भरू नका.

रस्त्यावरच्या अपघाताला याखेरीज वेगळ्या वाटा आहेत. त्या शेवटी घेतो.

पहिल्या दिवसाचा केसपेपर

क्लेम तपासणारा डॉक्टर आपल्याला बघत नाही, तो कागद बघतो. कागदावर ‘नेक पेन, अ‍ॅडव्हाइज एमआरआय’ एवढंच असेल, तर त्याच्या लेखी हा मान अवघडलेला आणखी एक पेशंट असतो. डॉक्टर घाईत असतात आणि तपासलेलं सगळं लिहितातच असं नाही. मुंग्या येतात हे आपण सांगतो, ते रिफ्लेक्स तपासतात, कागदावर मात्र काहीच उतरत नाही. नेमक्या याच जागी नम्रपणे थांबायचं आणि “डॉक्टर, हे केसपेपरवर लिहाल का, विम्याला लागेल,” असं म्हणायचं. यात संकोच कसला?

केसपेपरवर पाच गोष्टी असायला हव्यात. दुखापत कधी आणि कशी झाली. त्याआधी मानेची तक्रार होती की नव्हती. तपासणीत काय सापडलं: कोणत्या बोटांपर्यंत मुंग्या, कोणता स्नायू किती कमजोर, कोणता रिफ्लेक्स मंद. डॉक्टरांना कसली शंका आहे. आणि स्कॅनच्या रिपोर्टवरून उपचाराचं काय ठरणार आहे. हा पाचवा मुद्दा बहुतेक चिठ्ठ्यांवर नसतो आणि सगळ्यात जास्त वजन त्यालाच असतं, कारण कोड ०४ मधली ‘उपचाराशी संबंध’ ही अट तिथेच पूर्ण होते.

चांगली नोंद साधारण अशी दिसते:

“काल सायंकाळी दुचाकीवरून पडून मानेला इजा. पूर्वी मानेचा त्रास नाही. उजव्या हातात अंगठ्यापर्यंत मुंग्या, मनगट वर उचलण्याची ताकद ५ पैकी ४, उजवा बायसेप्स रिफ्लेक्स मंद. सीटीमध्ये फ्रॅक्चर नाही. सी-६ नसेच्या मुळावर डिस्कचा दाब असल्याची शंका. मानेचा एमआरआय आवश्यक. शस्त्रक्रिया करायची की कॉलर आणि औषधांवर ठेवायचं, हे रिपोर्टवरून ठरवणार.”

हे वाचून “स्कॅन कशाला केला?” असं कुणी विचारू शकत नाही. मात्र जे नाही ते लिहायला डॉक्टरांना सांगू नका. जे आहे ते लिहायचं राहून गेलं नाही ना, एवढंच बघायचं.

फॉर्मवरचा निदानाचा कोडही नजरेखालून घाला. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत मानेच्या अस्थिबंधांना ताण बसला तर एस १३.४, मानेचं हाड मोडलं तर एस १२ हे कोड येतात. स्पॉन्डिलोसिस म्हणजे झिजेचा कोड एम ४७. एस हे अक्षर दुखापतीचं, एम हे हाडं-स्नायूंच्या आजारांचं. अपघाताच्या केसवर सवयीने एम ४७ पडला, तर कागदोपत्री ती दुखापत जुना आजार होऊन बसते.

कोणता स्कॅन, आणि आधी कोणता

इथे वैद्यकशास्त्र थोडं समजून घेतलेलं बरं, कारण “साध्या एक्स-रेवर भागलं असतं” हा आक्षेप हमखास येतो. सीटीमध्ये हाड नीट दिसतं, म्हणून मोठा मार असेल तर फ्रॅक्चर शोधायला आधी सीटी करतात. डिस्क, अस्थिबंध, नसांची मुळं आणि मज्जारज्जू बघायचे असतील तर एमआरआयला पर्याय नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे नस दबलेली नाही, असं होत नाही.

इमेजिंग कुणाला लागतं याचे जगभर वापरले जाणारे दोन निकष आहेत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला कॅनेडियन सी-स्पाइन रूल शुद्धीवर असलेल्या, स्थिर पेशंटसाठी आहे. वय ६५ किंवा त्याहून जास्त, धोकादायक प्रकारचा अपघात (तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं, डोक्यावर आदळणं, गाडी उलटणं असे), किंवा हातापायात मुंग्या, यांपैकी एकही असेल तर तो इमेजिंग करायला सांगतो. २००० सालचे नेक्सस निकष पाच आहेत: मानेच्या मधोमध दुखरेपणा, नसांच्या कामात बिघाड, शुद्ध कमी असणं, नशेत असणं, आणि लक्ष दुसरीकडे वेधणारी मोठी इजा. पाचही नसतील तरच इमेजिंग टाळता येतं. आपल्या बाबतीत यातला कोणता निकष लागू होता, हे डॉक्टरांच्या नोंदीत आलं की पुढे अपिलात त्यावर बोट ठेवता येतं.

उलट बाजूही खरी आहे. मार लहान आहे, मुंग्या नाहीत, ताकद ठीक आहे आणि मान नुसती अवघडली आहे, तर डॉक्टर आधी औषधं आणि व्यायाम देऊन काही आठवडे थांबायला सांगतात. तेच योग्य असतं. त्या काळातल्या भेटी, औषधांची बिलं आणि फिजिओथेरपीची कार्डं ठेवा. एवढं करूनही दुखणं हललं नाही, तर तेच कागद पुढच्या एमआरआयचं कारण होतात.

भरती झाल्यावर

नेटवर्क हॉस्पिटल, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेलं, असेल तर टीपीए डेस्कवर (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) कॅशलेससाठी प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरीचा, फॉर्म भरला जातो. त्यातला निदानाचा आणि ‘प्रपोज्ड ट्रीटमेंट’चा रकाना स्वतः वाचा. तिथे ‘फॉर इव्हॅल्युएशन’ किंवा ‘फॉर एमआरआय’ असं लिहिलेलं दिसलं तर फॉर्म पुढे जाऊ देऊ नका. कोणता उपचार चालू आहे ते लिहायला लावा: मान स्थिर ठेवणं, शिरेतून औषधं, दर काही तासांनी हातापायाच्या ताकदीची तपासणी. भरतीची गरज का आहे, घरी उपचार का जमणार नाहीत, हेही एका ओळीत हवं. आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. डेस्कवर “दोन दिवस लागतात” असं कुणी म्हणालं तर याची आठवण करून द्या.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही. पैसे भरून नंतर रीइम्बर्समेंट मागता येतं.

हॉस्पिटलमध्ये मशीन नसलं की पेशंटला बाहेरच्या सेंटरवर नेतात. त्या बिलावर आपण भरती असल्याची तारीख, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि हॉस्पिटलचं रेफरल जोडून घ्या, नाहीतर ते सुटं बिल समजलं जातं. आणखी एक गोष्ट खूप कमी लोकांना माहीत असते. पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर कंपनी बाकीच्या बिलातही त्या प्रमाणात कपात करते, पण २०२० साली आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या व्याख्येनुसार औषधं, इम्प्लांट आणि निदान चाचण्या या कपातीत धरायच्या नाहीत. स्कॅनच्या रकमेला कात्री लागलेली दिसली तर हिशेब पुन्हा मागा.

रीइम्बर्समेंटची फाइल

भरलेला आणि सही केलेला क्लेम फॉर्म, पहिल्या दिवसाचा केसपेपर, स्कॅन लिहून दिलेली चिठ्ठी, रेडिओलॉजिस्टचा सहीचा रिपोर्ट, बिल आणि पैसे भरल्याची पावती, डिस्चार्ज समरी, रद्द केलेला चेक, ओळखपत्र, आणि अपघात असेल तर एमएलसी (हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेली मेडिको-लीगल नोंद) किंवा एफआयआरची प्रत. आरोग्य संजीवनीत ही फाइल डिस्चार्जपासून ३० दिवसांत आणि डिस्चार्जनंतरच्या खर्चाची बिलं तो काळ संपल्यावर १५ दिवसांत द्यायची असतात. इतर पॉलिसींच्या मुदती त्यांच्या त्यांच्या बघून घ्या. मूळ कागद देण्याआधी प्रत्येक पानाचा स्पष्ट फोटो काढा आणि पोच घ्या. एमआरआयच्या फिल्म आणि सीडी शक्यतो स्वतःकडेच ठेवा, पुढच्या डॉक्टरांना त्या लागतात.

चिठ्ठीची तारीख स्कॅनच्या आधीची किंवा त्याच दिवसाची हवी. स्कॅन आधी आणि चिठ्ठी नंतर अशी फाइल दिसली की तिथेच प्रश्न सुरू होतात.

“हा तर जुना आजार आहे”

मानेच्या क्लेममध्ये सगळ्यात त्रासदायक नकार हा. रेडिओलॉजिस्ट रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ लिहितो आणि कंपनी म्हणते, झीज आधीपासून होती, म्हणजे प्री-एक्झिस्टिंग, किंवा स्पॉन्डिलोसिसला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड आहे, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर तेवढा काळ त्याचे पैसे मिळत नाहीत.

याला उत्तर आहे, आणि ते ठामपणे द्यायचं. २०१५ मध्ये ‘स्पाइन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मानेची काहीच तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचा एमआरआय केला, तर ८७.६ टक्के लोकांच्या डिस्क बाहेर आलेल्या दिसल्या. विशीतल्या लोकांमध्येसुद्धा हे प्रमाण मोठं होतं. तेव्हा रिपोर्टात झीज दिसली म्हणजे आधी आजार होता, हे सिद्ध होत नाही. ज्या दुखण्यासाठी आधी कधी डॉक्टरांकडे गेलो नाही, निदान झालं नाही, औषध घेतलं नाही, ते प्री-एक्झिस्टिंग कसं?

वेटिंग पिरियडचं उत्तर पॉलिसीतच आहे. ठरावीक आजारांच्या वेटिंग पिरियडचं कलम (कोड ०२) आणि पहिल्या ३० दिवसांचं कलम (कोड ०३), दोन्हींत अपघाताला सूट दिलेली आहे. अपघातामुळे आलेला क्लेम या मुदतींत अडकत नाही. म्हणूनच केसपेपरवरची अपघाताची तारीख आणि ‘पूर्वी त्रास नाही’ ही नोंद इतकी मोलाची. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून एक छोटं पत्रही घ्या: ‘सध्याची लक्षणं अमुक तारखेच्या दुखापतीनंतर सुरू झाली, एमआरआयमधली झीज वयानुसार आहे आणि तिच्यासाठी हा उपचार दिलेला नाही.’

आधी खरंच मानेचा त्रास असेल तर तो लपवू नका. जुनं दुखणं होतं, पण हाताची ताकद अपघातानंतर गेली, असं डॉक्टरांना लिहिता येतं. खरं असेल तर ते टिकतं. शिवाय पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल तर सिद्ध झालेली फसवणूक वगळता माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही.

नकारानंतरची पायरी-पायरी

नकार लेखी मागा, कोणत्या कलमाखाली ते विचारा. २०२४ च्या सर्क्युलरनुसार क्लेम्स रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय कंपनीला क्लेम नाकारता येत नाही आणि पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा उल्लेख करावा लागतो. टीपीएचा फोन किंवा ‘नॉट पेएबल’ असा एसएमएस म्हणजे निर्णय नव्हे.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. लांबलचक कैफियत नको. “आपण कोड ०४ लावला आहे. सोबतच्या केसपेपरच्या दुसऱ्या पानावर नसेच्या बिघाडाची नोंद आहे, एमआरआयनंतर त्याच रिपोर्टच्या आधारे उपचार बदलल्याची नोंद पाचव्या पानावर आहे. म्हणजे तपासणी चालू उपचाराशी संबंधित आहे. क्लेमचा फेरविचार करावा,” एवढं पुरे. पान क्रमांक दिले की वाचणाऱ्याला टाळाटाळ करता येत नाही. हीच तक्रार आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवता येते.

एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, अर्ज ऑनलाइनही होतो. ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. फी नाही आणि वकील चालत नाही, आपली बाजू आपणच मांडायची. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षात जावं लागतं. लोकपालांचा निवाडा कंपनीने ३० दिवसांत पाळला नाही, तर दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. एका एमआरआयच्या रकमेसाठी एवढी खटपट करावी का? माझं मत आहे, जरूर करावी. कागद नीट असतील तर काम एका अर्जाचं असतं. ग्राहक आयोगाचा मार्गही दोन वर्षांपर्यंत मोकळा असतो, पण तिथे वेळ जास्त जातो, म्हणून तो नंतर.

रस्त्यावरचा अपघात असेल तर

मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या हॉस्पिटलमध्ये अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. स्वतःचा मेडिक्लेम नसला तरीही. कॅज्युअल्टीत पोचताच हे विचारा.

चूक दुसऱ्या वाहनाची असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली, त्या वाहनाच्या विमा कंपनीकडून वैद्यकीय खर्च मागता येतो. तिथे भरती झाली होती की नाही हा प्रश्नच नसतो. ओपीडीत केलेला एमआरआय, कॉलर, फिजिओथेरपी, रिक्षाभाडं, सगळं मागता येतं. अर्जाला कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, म्हणून एफआयआर, पंचनामा आणि एमएलसीच्या प्रती लवकर मिळवा. एकाच बिलाचे पैसे दोन्हीकडून मागू नका. मेडिक्लेमने बिलाचा जेवढा भाग दिला त्याचं सेटलमेंट लेटर आणि बिलाची शिक्का मारलेली प्रत कंपनीकडून घ्या, आणि न्यायाधिकरणात उरलेल्या रकमेसाठी तीच लावा.